सतराव्या गोष्टीतलं अस्वल

आसनगाव,
४ ऑगस्ट २०२५

प्रेमा,

मायना काय लिहावा यातच सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं तर तू कागद तिथंच चुलीत घालशील, आणि 'सौ.' लिहावं तर तुझ्या घरचं मला काहीच ठाऊक नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. मी दर्शना. डोळखांबच्या शाळेतल्या मोठ्या गुरुजींची मुलगी. गेल्या आठवड्यात फोन केला होता, तो तू माझं नाव ऐकताच ठेवलास. त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. नंबर तुझ्या भावाने, जगनने दिला होता, पत्ताही त्यानेच दिला. तुझं टोकावडे काही परदेशात नाही, सकाळची बस धरली तर मी दुपारच्या आत पोचेन. पण समोर यायचं धाडस होत नाही, म्हणून पोस्टाने पाठवतेय.

कामाचं सांगते. मी इथल्या एका शाळेत शिकवत होते. मुलं कमी होत गेली आणि दोन वर्षांपूर्वी शाळा बंद पडली. तेव्हापासून घरी बसून मुंबईच्या एका कंपनीचं काम करते. ही कंपनी जुनी कार्टून विकत घेते आणि मोबाइलवर दाखवते. हल्ली दाखवायच्या आधी ती तपासावी लागतात. कुणाला कसं दाखवलंय, कोण हुशार, कोण मूर्ख, कोण कुणाची चाकरी करतं, कुणाला हसलं जातं आणि का हसलं जातं. याला ते 'विविधता आणि प्रतिनिधित्व मूल्यमापन' म्हणतात. सात मिनिटांच्या कार्टूनला अकरा पानांचा तक्ता भरायचा. माझ्यावरच्या अधिकारी कुणाली मॅडम माझ्या लेकीहून दोन वर्षांनी लहान आहेत. त्या मला दर्शना म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते. त्यांनी परवा विचारलं, वारुळातल्या मुंग्या किती धरायच्या? मी म्हटलं, बोलतात तेवढ्याच धरू. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण घर चालतं, म्हणून तक्रार नाही.

तर जूनमध्ये या कामात एक संच आला. 'चौपायांची चावडी'. सव्वीस गोष्टी, सगळी जनावरंच. तुला आठवत असेल. एक्याण्णवच्या सुरुवातीला सिनेमावाली माणसं आपल्या शाळेत आठ दिवस येऊन राहिली होती. सातवीचा वर्ग रिकामा करून, खिडक्यांना गाद्या लावून त्यांनी आवाज भरले होते. चित्रं नंतर मुंबईला काढली. सतराव्या गोष्टीतलं अस्वल बुधीमावशीच्या आवाजात बोलतं. तुझ्या आईच्या आवाजात.

मॅडमचं म्हणणं, गावाकडच्या बोलीवर हसू काढलंय, तेव्हा तो आवाज काढून दुसरा घालायचा. मी म्हटलं, असं करू नका. सव्वीस गोष्टींत आपल्या डोंगरातल्या बाईचा खरा आवाज हा एवढाच आहे. बाकीचे सगळे शहरातले. तो काढलात तर तक्त्यात प्रतिनिधित्व म्हणून लिहाल तरी काय? हे त्यांना पटलं. पण त्यासाठी आता वारसाची संमती लागते. जगनला विचारलं तर म्हणाला, "मी नाय सही देनार. ताय बोलंल तसा." म्हणून संमतीचा तक्ता सोबत पाठवलाय. खाली फुली मारलेल्या जागी तुझी सही हवी. सप्टेंबरअखेर माझा अहवाल जायचा आहे. पुढे हा संच अंगणवाड्यांना द्यायचाही त्यांचा विचार आहे. म्हणजे तुझ्याच अंगणवाडीतल्या मुलांसमोर मावशीचा आवाज येईल. अंगणवाडीच्या बाईची आई म्हणून त्यांना कौतुक वाटेल.

मावशी गेल्याचं मला कळलं होतं. यायला जमलं नाही.

दर्शना


आसनगाव,
२२ ऑगस्ट

प्रेमा,

तक्ता परत आला. सहीच्या जागी काही नाही. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने एकच ओळ आहे, "माझ्या आईनं नाय म्हटलं होतं का?" अक्षर अजून तसंच आहे तुझं, डावीकडे कललेलं.

चौतीस वर्षं झाली, प्रेमा. तेव्हा कोण काय म्हणालं हे मला नीट आठवत नाही. आठ दिवस नुसती गडबड चालली होती. कुणी हो म्हणालं, कुणी नाही म्हणालं, कुणाला काही कळलंच नाही. आता याचं उत्तर कुठून आणू? मी हे सहीसाठी लिहिलं होतं आणि तू भलतंच काढून बसलीस.

रागावू नकोस. मी दमलेय. रोज चार-चार गोष्टी बघते आणि खुणा करते. बोलणारी जनावरं एकसष्ट. त्यांतल्या माद्या नऊ. नवातल्या सात जणी रांधतात, रडतात किंवा नवऱ्याची वाट बघतात. म्हैस जाडी म्हणून तिला हसायचं. कावळा काळा म्हणून चोर. लांडग्याने भाकरी पळवली तर तो पापी, सशाने पळवली तर तो चतुर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. घोड्याला नाव आहे, गाढवाला नाव नाही, आणि गाढव सव्वीसांतल्या अकरा गोष्टींत ओझं वाहतं. गाय, हंस, ससा ही पांढरी मंडळी पुस्तकासारखं बोलतात. जे जनावर मातीच्या रंगाचं, ते आपल्यासारखं बोलतं. हे सगळं मी लहानपणी पाहिलं होतं आणि मला काही वाटलं नव्हतं. वाटणार कसं? मीच ससा होते.

ससा मी होते हे कंपनीला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर हे काम दुसऱ्या कुणाला गेलं असतं.

सतरावी गोष्ट मी आतापर्यंत चौदा वेळा बघितली. अस्वल बाकीच्या जनावरांच्या शिवारात शिरतं, ससा त्याला फसवून पकडतो. सगळे त्याच्याभोवती काठ्या घेऊन उभे. ससा विचारतो, "येशील का पुन्हा आमच्या शिवारात?" आणि अस्वल ओरडतं, "नाय येनार. तुमच्या शिवारात नाय येनार." पुन्हा येतं, पुन्हा मार खातं, पुन्हा तेच ओरडतं. तीनदा. दर वेळी सगळी जनावरं लोळून हसतात. तक्त्यात एक रकाना आहे, 'स्थानिक बोलीचा वापर: आदराने / विनोदासाठी / लागू नाही'. मी 'आदराने'वर खूण केली होती. परवा ती खोडली, मग पुन्हा केली.

तुझ्या पाड्यावर वाघबारशीला काय होतं ते मला तूच दाखवलं होतंस. दिवाळीच्या तोंडावर, वेशीवरच्या वाघोबाच्या दगडापाशी. एक बाप्या वाघ व्हायचा, एक कोल्हा, एक अस्वल. बाकीचे काठ्या घेऊन विचारायचे, आमच्या शिवारात येशील का? आणि तो नाय येनार म्हणत रानात पळायचा. मग वर्षभर जनावर गुरांना हात लावत नाही. तुझा आजा अस्वल व्हायचा. बाया-पोरींनी लांब राहायचं असतं, तरी तू मला करवंदीच्या जाळीमागून दाखवलंस आणि कुणाला सांगू नको म्हणालीस.

सिनेमावाल्या बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे काही वेगळं असतं का गं? तेव्हा मी सांगितलं. हे तुला माहीत होतं का, ते मला माहीत नाही.

पुढचं तुला मी काय सांगू. पावसाळ्याआधी शाळेच्या टीव्हीवर ती गोष्ट दाखवली. बाबांनी पाड्यावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. मावशी शाळेच्या स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन पुढे बसली होती. शाळेची पोरं हसली आणि तुमच्यातला नथू आणि त्याच्यामागून सगळे म्हातारे उठून गेले. त्या पावसाळ्यात बिबट्याने दोन वासरं नेली आणि सगळ्यांनी मावशीकडे बोट केलं. देवाची बोली पेटीत घातली म्हणून. लग्नांत गाणी म्हणायला तिला बोलवायचे, ते बंद झालं. बिबट्या पूर्वीही वासरं न्यायचा, पण हे तेव्हा कोण ऐकणार?

आवाज भरताना चालू राहिलेल्या मूळ टेपा कंपनीला संचाबरोबर मिळाल्यात म्हणे. खोक्यात पडून आहेत, कुणी ऐकलेल्या नाहीत. मी मागवू शकते. मागवल्या तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. मागवते.

दर्शना


आसनगाव,
३० ऑगस्ट

टेपा मोबाइलवर आल्या. एकूण नऊ तास आहेत. सतरावी सहाव्या तासाला आहे. पहिले पाच तास ऐकले. आमची मांजर पाच तास शेजारी बसून होती, तिने काही तक्रार केली नाही.

सहावा ऐकायचा राहिलाय.


आसनगाव,
७ सप्टेंबर

प्रेमा,

हो. म्हटलं होतं.

आणि मला आठवत होतं. टेप मागवायची काही गरज नव्हती. मला वाटलं, नसेल त्यात. गादीमागे कुजबुज झाली होती, यंत्राला ऐकू आली नसेल. मग मी तुला लिहिलं असतं की टेपमध्ये काही नाही, आणि ते खरं ठरलं असतं. म्हणून मागवली. हे वाचून तू कागद फाडलास तर आधी पुढचं वाच, मग फाड.

मी लिहून काढलंय, एक शब्द कमी-जास्त न करता.

सिनेमावाल्या बाई म्हणतात, "आता अस्वलाचं. दर्शना, तू त्यांना समजावून सांग बघू." मी समजावते. मग मावशी. अगदी हळू, तोंड माझ्याकडे करून. "ही बोली वाघबारशीला देवाम्होरं बोलाची गो. हासाया नाय. दुसरा कायबी सांग, मी बोलतंय. ह्या नाय बोलाची. तू सांग बाईला. मना लाज वाटतं."

बाई विचारतात, "काय म्हणतात त्या?"

मी बाईंकडे वळून हळूच सांगते, "ती म्हणते, चालेल."

मावशीला ते ऐकू गेलं नसेल, पण बाई आवाज सुरू करा म्हणाल्या ते कळलं. ती पुन्हा माझ्याकडे वळली. "सांगितलंस ना?" मी म्हटलं, "सांगितलं मावशी. बाई म्हणतात, नुसतं करून बघायचं. मग पुसून टाकणार."

"पुसतील ना?"

"हो."

"मंग बोलतंय."

मग ती ओरडते. तू ते शाळेत टीव्हीवर ऐकलंस, पण तिथे मागे ढोलकी घातलेली होती. इथे नुसती ती आहे. बंद वर्गात एक बाई देवाला दिलेलं वचन ओरडून सांगतेय आणि तिला वाटतंय हे पुसलं जाणार आहे. तिच्यामागून हसण्याचा पहिला आवाज येतो तो माझा आहे.

मी तेरा वर्षांची होते. हे वाक्य मी या पत्रात तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. माझा नवरा, सुयोग, टेप ऐकून म्हणाला, "पोरगी होतीस गं, सोड आता." मला त्याचाच राग आला. तेरा वर्षांच्या मुलीला खोटं कळतं. मला पक्कं कळत होतं. ती मंडळी दुसऱ्या दिवशी जाणार होती. सशाचं सगळ्यात जास्त बोलणं त्याच गोष्टीत होतं आणि अस्वलाशिवाय सशाला विचारायला कोणी उरलं नसतं. मावशीचा निरोप बाईंना सांगितला असता तर बाईंनी गोष्ट सोडून दिली असती, त्या वाईट नव्हत्या. त्यांना काही माहीतच नव्हतं. दोन्हीकडची बोली कळणारी त्या खोलीत मी एकटी होते, आणि म्हणूनच दोघींनी माझ्यावर भरवसा ठेवला. कुंपणानेच शेत खाल्लं.

गोष्टीच्या शेवटी नावं येतात. 'ससा: कु. दर्शना.' 'अस्वल: एक ग्रामस्थ.'

पण ते पहिल्यांदाचं झालं. दुसऱ्यांदाचं त्याहून वाईट. भाद्रपदात तू मावशीला घेऊन आमच्या क्वार्टरवर आलीस. बाबा आरामखुर्चीत होते. मावशी पायरीखाली उभी राहिली, वर आली नाही. तू मला विचारलंस, "सांग, आईनं नाय म्हटलं होतं ना?" पाड्यावर जाऊन हे सांगायला तुला कुणीतरी हवं होतं, आणि गुरुजींच्या पोरीचं लोकांनी ऐकलं असतं. मी बाबांकडे बघितलं. मी खोटं बोलून आवाज द्यायला लावला हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला सोडलं नसतं. मी म्हटलं, "मावशी काहीच बोलल्या नव्हत्या."

मावशीने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली नाही, हात जोडले नाहीत. पदर खोचला आणि गेली. तू तिच्यामागून गेलीस. दिवाळीनंतर तू शाळेत आली नाहीस, मावशीही स्वयंपाकघरात आली नाही. बाबा म्हणाले, ही माणसं अशीच, टिकत नाहीत. मी ऐकून घेतलं.

तेव्हा तू कुणाचं खरं मानलंस, तिचं की माझं, हे मला कधी कळलं नाही.

आणि तेरा वर्षांची फक्त तेव्हा होते. मावशी गेली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, भ्यायला कोणी उरलं नव्हतं. तरी आले नाही. या ऑगस्टमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तुला सही मागितली. मावशीच्या आवाजासाठी म्हणून मागितली. मावशीचा आवाज राहिला तर गोष्ट राहील आणि गोष्ट राहिली तर ससा राहील, हे मी तुझ्यापासून लपवलं. माझ्यापासूनही लपवलं असेल, आता मला माझंच खात्रीने सांगता येत नाही.

ही टेप पेनड्राइव्हवर घालून जगनच्या हाती देतेय. त्याला काय आहे ते सांगितलेलं नाही. आधी तू ऐक.

आता तीनच गोष्टी होऊ शकतात. मावशीचा आवाज ठेवायचा, पुढे तिचं नाव घालून. आवाज काढून दुसऱ्या बाईचा घालायचा. किंवा सतरावी गोष्टच काढून टाकायची, कुणालाच दाखवायची नाही. तिसरं केलं तर मावशीचा आवाज जगात कुठेच ऐकू येणार नाही, हेही खरं आहे. तू सांगशील ते मी अहवालात लिहीन. या वेळी माझं काही घालणार नाही. माफी मागायची मला लाज वाटते, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. ते ओझं तुझ्यावर नको.

दर्शना


आसनगाव,
२८ सप्टेंबर

प्रेमा,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. पुन्हा पत्र लिहू नको, काम झालं की एवढं कळव, असं तू लिहिलंस. म्हणून हे लिहितेय आणि मग थांबते.

त्या आधी जगन आला होता. आसनगावला त्याचं काही काम नसतं, तो मुद्दाम आला. चहा घेतला नाही, उभ्याने बोलला. तू डोळखांबला आलीस, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ओटीवर बसवलंस आणि ती टेप तीनदा लावलीस. म्हणाला, "पयल्यांदा म्हातारे बोलले, परत लाव. दुसऱ्यांदा माझी बायको रडली. तिसऱ्यांदा नथूबाबा बोलला, बुधी खोटी नव्हती." मग म्हणाला, "मंग नथूबाबा बोलला, आता ह्या कोनाला सांगाचा?" जगनने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि गेला.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडकले. बाकीचं दीड पान मी पाठ केलंय, पण ती ओळ मला वाचवत नाही. तू लिहिलंस, "आई मरेपर्यंत सांगत होती, मी नाय म्हटलं होतं, गुरुजींच्या पोरीला सांगितलं होतं. मी तिला म्हणायची, आई, आता पुरे कर. मी तुझं खरं मानलं होतं, दर्शना."

मला वाटायचं, तू माझा राग धरलास तो मी खोटं बोलले म्हणून. तू तर मला खरी धरून, आईने देवाची बोली विकली म्हणून तोंड लपवत तिकडे मुरबाड तालुक्यात निघून गेलीस. माझा फोन ठेवलास तोही रागाने नव्हे, लाजेने. तुझ्या आईची अठ्ठावीस वर्षं मी खाल्लीच, पण त्यांतली तुझ्याशी गोडीने बोलायचीही खाल्ली. हे मला आधी कळलंच नव्हतं. वासरं आणि लग्नाची गाणी एवढाच हिशेब मी धरून बसले होते. याला मी काय करू शकते ते मला दिसत नाही. दिसलं असतं तर केलं असतं, असं लिहायचीही हिंमत नाही.

तुझा निर्णय असा: "ती गोष्ट दाखवायची नाय. आवाज बदलून नाय, आईचं नाव घालून नाय. तिनं नाय म्हटलं होतं. तिचा आवाज माझ्याकडे आला, मला तेवढा पुरे. माझ्या अंगणवाडीत मी माझ्या तोंडानं गोष्ट सांगते, तुमच्या पेटीची गरज नाय."

तसंच अहवालात घातलं, तुझ्याच शब्दांत. काल त्यावर मीटिंग झाली. फोनवरच, पण सगळ्यांचे चेहरे दिसतात. कुणाली मॅडम होत्या, आणखी चार जण होते. मी आधी सांगितलं की या संचातला ससा मी आहे आणि हे मी लपवलं होतं. एक गृहस्थ कपाळाला हात लावून बसले. मॅडमना वाईट वाटलेलं दिसलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला एक सूचना टाकू या का, म्हणजे गोष्ट वाचेल. संच सव्वीसांचा म्हणूनच घेतलाय, पंचवीस झाले तर पुढे अडचण येते. मी म्हटलं, येऊ दे.

मग मी टेप लावली. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. म्हणून मी मावशीचं बोलणं आधी तिच्या बोलीत वाचलं आणि मग त्यांच्या भाषेत सांगितलं. या बाई म्हणतात की हे शब्द वाघबारशीला देवासमोर बोलायचे असतात. हसण्यासाठी नाहीत. दुसरं काहीही सांगा, त्या बोलतील, पण हे बोलणार नाहीत. तुम्हाला स्वतः सांगायची त्यांना लाज वाटते.

गोष्ट काढली. मूळ फीत कुणाला देणार नाही असं लेखी घेतलंय, त्याची प्रत सोबत आहे, जपून ठेव. माझं त्या कंपनीतलं काम या महिन्याअखेर संपतंय. त्यांनी काढलं असं म्हणता येणार नाही, मीही राहते म्हटलं नाही.

बोलणं संपताना त्या गृहस्थांनी विचारलं, जरा चिडूनच विचारलं. या बाई इतकं स्पष्ट नाही म्हणत होत्या, तर तेव्हाच त्या सिनेमावाल्यांना हे कुणी सांगितलं कसं नाही?

मी म्हटलं, "सांगायचं काम माझ्याकडे होतं."

दर्शना